वैजूच्या तीन ओव्या

"पुन्हा एकदा म्हण," केतकरबाई म्हणाल्या. "आणि 'पाण्यात' म्हणताना आवाज खाली सोड. आडात घागर सोडतात तसा. घाई नको."

मी पुन्हा म्हटलं.

पहाटेच्या पारी बाई, आड बोलतो खोलात
माझ्या आधीची सवत, तिचं काकण पाण्यात

रिकाम्या सभागृहात शेवटचा शब्द मागच्या भिंतीला लागून परत आला. शुक्रवारची दुपार होती. रविवारी माजी विद्यार्थिनींचा मेळावा. मी दोन वर्षांपूर्वी याच महिला महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झाले होते आणि इथल्याच ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालण्याच्या कामाला लागले होते. मेळाव्याची स्मरणिका केतकरबाईंनी माझ्यावर सोपवली होती. निळं मुखपृष्ठ, साडेतीनशे प्रती. आत प्राचार्यांचा संदेश, जुने फोटो, पाककृती, आणि एक्केचाळिसाव्या पानावर माझ्या मैत्रिणीच्या, वैजयंताच्या म्हणजे वैजूच्या, तीन ओव्या. 'माहेरची ओढ' हे शीर्षक माझं. वर चित्रकलेच्या सरांनी कमरेवर घागर घेतलेली एक नाजूक बाई काढून दिली होती.

"काय गोड लिहिलंय," केतकरबाई म्हणाल्या. "सवत ही ओवीतली जुनीच. पण काकण पाण्यात, हे हिचं स्वतःचं. मागच्या बाकावर बसायची ना ही? तीन वर्षांत तोंड उघडलं नाही."

"वर्गात नाही उघडलं, बाई. वसतिगृहात आम्हाला झोपू देत नव्हती. तिची आई पहाटे दळायची, त्यामुळे सगळं कानात बसलेलं. मेसच्या वरणावरसुद्धा ओवी करायची."

"पुढची म्हण."

सासू पुसते मायेनं, तुला येतं का पोहाया
कंथ काढितो कठडा, म्हणे, लागला पडाया

"इथे मला जरा अडखळायला होतं," मी म्हणाले. "कठडा शब्द फार गद्य आहे. बदलणार होते, पण मात्रा बसेनात."

"जरा थांब गं पोरी."

मागच्या रांगेत गोदामावशी ओल्या फडक्यानं खुर्च्या पुसत होत्या. कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या त्या शिपाईण. आम्ही वसतिगृहात असताना उशिरा आलेल्या पोरींना मागच्या दारानं आत घेणाऱ्या आणि नंतर महिनाभर त्याचे टोमणे मारणाऱ्या. फडकं हातात तसंच धरून त्या पुढं आल्या.

"ही पोरगी कुटं दिलीया?"

"कोण? वैजू? पिंपळदरीला."

"बिजवराला का?"

"हो. दिनकरराव शेवाळे. त्यांची पहिली बायको तापानं गेली."

"तापानं गेली," मावशी म्हणाल्या, "तर तिचं काकण आडात कशानं गेलं?"

केतकरबाई हसल्या. "अहो गोदाबाई, ती प्रतिमा आहे. कवितेत असतं तसं."

"असंल, बाई. मला ते ठावं न्हाई. आमी दळताना जे झालं ते सांगायचो. मार खाल्ला तर मार खाल्ला म्हणायचो. जात्यापाशी तेवढं कुणी तोंड धरत न्हाई." त्यांनी फडकं बादलीवर पिळलं. "फुडची म्हण. का दोनच हायती?"

मी तिसरी म्हटली. म्हणताना माझाच आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला.

सये, अवसेच्या आत, कुणी यावं गं न्यायाला
घागरीच्या संगं मला, नाही जायाचं पाण्याला

"सोमवारी अवस हाय," मावशी म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात पोरी कागदी तोरणं ओवत बसल्या होत्या, त्यांच्यातली एक खिदळत होती.

"मागली अवस झाल्यावर पाकीट बैरंग आलं हुतं बघ. मीच दाम भरून सोडवून घेतलं त्या टपालवाल्याकडनं. तिकीट लावायची सोय न्हवती त्या पोरीला. आन तुमी म्हनला, गानं धाडलंय."

पाकीट मला आठवलं. कुणा कासारणीनं टाकलं असावं, बांगड्यांच्या खोक्याचा गुलाबी कागद चिकटवून केलेलं. आत उजळणीच्या वहीचं एक पान, पेन्सिलनं लिहिलेलं, घडी घालून घालून काडेपेटीएवढं केलेलं. अक्षर वैजूचं, पण 'प्रिय शैला' नाही, खाली सही नाही. नुसत्या तीन ओव्या. मला त्या वेळी वाटलं होतं, काय साधी आहे ही. स्मरणिकेसाठी साहित्य पाठवतानासुद्धा दोन ओळींचा आगाऊपणा नाही.

"शैला," केतकरबाई सावकाश म्हणाल्या, "प्रती टपालात कधी टाकल्यास?"

"काल."

"तिलाही?"

"दोन पाठवल्या. तिचं लिखाण आहे म्हणून." मी हातातली प्रत मिटली. "आत चिठ्ठी ठेवली. अभिनंदनाची. दिनकररावांनाही वाचायला दे, असं लिहिलंय."

मावशींनी फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि पदराला हात पुसले. "सकाळी पैली गाडी किती वाजता हाय?"

*

केतकरबाई टपाल कचेरीत जाऊन आल्या. थैला दुपारीच गेला होता. मग त्यांनी पोलिसांत जावं का असं विचारलं आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सुचलं, "काय सांगणार त्यांना? ओव्या?" वैजूच्या वडिलांना कळवावं असं मी म्हणाले नाही. वर्षभरात त्यांनी तिला दोनदा सासरी परत नेऊन घातलं होतं. दुसऱ्या खेपेला वाटेत ती माझ्याकडे उतरली होती, वडील बाहेर टांग्यापाशी उभे. चहा घेतला, माझ्या बहिणीच्या भातुकलीत बसून खोटा भात कालवला, आणि म्हणाली, "आमचा आड फार खोल आहे गं शैले. ऐंशी हात. मी मोजलाय." मी विचारलं होतं, पाणी गोड आहे का.

शनिवारी साडेसहाची गाडी. माझ्या पिशवीत कपड्यांची एक जोडी, मावशींच्या पिशवीत भाकरी आणि कांदा. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं.

"तिथं काय म्हणायचं, मावशी?"

"म्हनायचं, मेळाव्याला न्यायला आलो. तिला बक्षीस हाय. पोरीचं नाव झालं तर घराचं नाव हुतं, असलं कायतरी गोड बोल. तुला येतंय तसलं."

"आणि नाही सोडलं तर?"

"टपालवाल्याच्या आदी पोचलो तर सोडतील. बायकूनं बक्षीस आनलं तर कुनाला नको हाय?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "नंतर पोचलो तर मग बघू."

चौदा मैलांवर गाडीचं चाक बसलं. जॅक नव्हता. मागची गाडी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभ्या होतो. ऊन चढत गेलं. मी घड्याळ बघितलं की मावशी म्हणायच्या, "बघून गाडी येत न्हाई." मग दहा मिनिटांनी त्याच विचारायच्या, "किती वाजलं?"

पिंपळदरीला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाव टेकडीच्या कुशीला, एकच गल्ली वर चढत गेलेली. निम्म्या चढावर टपालवाला सायकल हातात धरून खाली येताना दिसला.

"शेवाळ्यांचं घर?" मी विचारलं.

"त्ये काय, वरचं पांढरं. तुमच्याच गावाकडनं पुस्तक आलंया त्यांना आज. आत्ताच दिऊन आलो."

मावशींनी माझ्या मनगटाला धरलं. धरूनच चालायला लागल्या.

*

दिनकरराव ओट्यावर पाटावर बसले होते. सोसायटीचे सचिव, पांढरा लेंगा, नाकावर चष्मा. मांडीवर आमचं पुडकं. त्यावरचा सुतळीचा गुंता ते कापत नव्हते, सोडवत होते. नखानं गाठ मोकळी करायची, सुटलेली सुतळी बोटांवर गुंडाळायची, पुन्हा पुढची गाठ.

"या," ते म्हणाले. "शैलाताई ना? लग्नात बघितलं होतं. आई, पाहुणे आले."

सासूबाई दारात आल्या. गोल, हसऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "किती वाळलीस गं. लगीन न्हाई केलंस अजून? बस, बस. वैजू, बघ कोन आलंया."

वैजू आतून आली. पदर डोक्यावरून, हात पिठाचे. मला बघून ती हसली नाही. तिनं आधी नवऱ्याच्या मांडीवरचं पुडकं बघितलं, मग मला.

"बरी आहेस?" मी विचारलं.

"मजेत आहे."

मी बक्षिसाचं सांगितलं. आवाज फाटू न देता सांगितलं. उद्या मेळावा, पहिला क्रमांक, पाहुण्यांच्या हस्ते शाल. आजच चला म्हणजे उद्या सकाळची दगदग नको. दिनकरराव मान हलवत ऐकत होते. सुतळीची शेवटची गाठ सुटली. त्यांनी सुतळीचा लहानसा गुंडा करून खिशात ठेवला आणि स्मरणिका बाहेर काढली. चिठ्ठी आतून घसरून पडली, ती त्यांनी उचलून वाचली.

"मलाही वाचायला दे म्हणतात," ते म्हणाले. "वाचतो की."

"आदी चहा हूं दे," सासूबाई म्हणाल्या. "वैजू, घरातलं पानी शिळं हाय. आडाचं ताजं आन जा घागरभर."

घराच्या बाजूला परडं होतं आणि परड्यात आड. ओट्यावरून तो पुरता दिसत होता. वर लाकडी रहाट, रहाटाला दोर. कठडा नव्हता. जमीन चालत चालत जिथं संपत होती तिथं आड सुरू होत होता. कठड्याचे दगड बाजूला, भिंतीला लागून, एकावर एक नीट रचून ठेवलेले. जो दगड काढला तो धुऊन ठेवावा इतके नीट.

वैजूनं घागर उचलली.

"थांब गं, मी शेंदते," मावशी उठल्या. "गाडीत बसून कंबर आखडलीया माझी. तेवढीच मोकळी हुईल."

"पावनी मानसं तुमी," सासूबाई म्हणाल्या.

"मी कसली पावनी. शिपाईन हाय मी. जन्मभर पानीच भरलं." मावशी परड्यात उतरल्यासुद्धा. त्या वैजूच्या आणि आडाच्या मध्ये चालत होत्या. सासूबाई ओट्याच्या खांबाला टेकून त्या दोघींकडे बघत राहिल्या, तसंच हसत.

इकडं पान उलटल्याचा आवाज. प्राचार्यांचा संदेश. दिनकरराव प्रत्येक पान बोटाला थुंकी लावून उलटत होते. वाचत होते, घाई न करता. संस्थेचा इतिहास. बारावं पान. पंधरावं.

"तुमच्या बाईंचा लेख चांगला आहे," ते म्हणाले.

"हो."

आडावर रहाट करकरला. दोर खाली जात होता. जात होता, जातच होता. मग फार उशिरा, फार खालून, घागर पाण्याला टेकल्याचा आवाज आला.

"यांचं कुठल्या पानावर आहे?"

"शेवटी आहे कुठंतरी," मी म्हणाले.

ते हसले आणि अनुक्रमणिका काढली. अनुक्रमणिका मीच केली होती. मोठ्या काळजीनं केली होती, एकही पान चुकू दिलं नव्हतं. त्यांनी बोट लावून नाव शोधलं आणि सरळ एक्केचाळिसावं पान उघडलं.

"चित्र छान काढलंय," ते म्हणाले.

मग वाचू लागले. मनात नाही, मोठ्यानं. पहिली ओवी सुरात म्हणायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओवीला सूर राहिला नाही. नुसतं वाचलं, एकेक शब्द सुटा. तिसरी वाचलीच नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसावी तसा सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि तेच पान पुन्हा बघितलं.

सासूबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी आडाकडे पाठ केली होती.

वैजू आणि मावशी परड्यातून आल्या. घागर मावशींच्या कमरेवर. वैजूचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं परत डोक्यावर घेतला नाही.

"काय गं," दिनकरराव म्हणाले. आवाज अगदी मऊ. "कठड्याचं काय लिहिलंयस हे?"

"ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "तिनं काहीच पाठवलं नव्हतं. अंकात एक पान मोकळं राहिलं, म्हणून मीच लिहिलं आणि तिचं नाव टाकलं. चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते पटत होतं. पटायला सोपं होतं. मी शिकलेली, मी संपादक, मी बिनलग्नाची आगाऊ पोर. अजून थोडा वेळ मी बोलत राहिले असते तर त्यांनी पुस्तक मिटलं असतं, आम्ही चहा घेतला असता आणि त्यांनी आम्हाला गाडीवर आणून सोडलं असतं. दोघींनाच.

"नाही, शैले," वैजू म्हणाली. "माझं आहे."

ती पिठाचे हात एकमेकांवर चोळत होती. पीठ ओट्यावर भुरभुरत होतं.

"तिनं वरचं नाव तेवढं घातलंय. बाकी माझं आहे. मीच लिहिलं."

"असं," दिनकरराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हिशेबाच्या बैठकीत विचारावं तसं, "हे कुणाकुणाला दिलंय?"

आज पस्तीस वर्षांनी मी म्हणेन की मी धैर्यानं उत्तर दिलं, तर ते खोटं होईल. मी घाबरून गेले होते. शाळेत नाव पुकारल्यावर पोर उभं राहतं तशी मी बोलले.

"सगळ्या माजी विद्यार्थिनींना. साडेतीनशे प्रती छापल्या. मेळाव्यापुरत्या थोड्या ठेवून बाकी गुरुवारी टपालात टाकल्या."

"साडेतीनशे."

"हो. कऱ्हाडला, सांगलीला, पुण्याला. मुंबईला चाळीसेक."

मी माफी मागत होते. पण बोलता बोलता मला त्यांचं बोट दिसलं. पानावर 'कठडा' या शब्दाखाली ठेवलेलं ते बोट त्यांनी चटका बसावा तसं उचललं.

मावशींनी ते माझ्याही आधी बघितलं होतं. त्यांनी घागर ओट्यावर टेकवली.

"फौजदारीनबाई बी आमच्याच कालिजच्या हायत्या," त्या सासूबाईंना म्हणाल्या, सुनेची आई बोलते तितक्या आपुलकीनं. "लई वाचायचा नाद त्यास्नी. उद्या सगळ्याजनी जमत्यात. पैला सवाल हाच करतील बघा, ही वैजयंता कोन, आन ती कुटं हाय. आता तिला दाखवाय तर पायजे."

गल्लीत शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दिनकररावांनी त्यांच्याकडे बघितलं, पुस्तक मिटलं, त्यावर दोन्ही तळवे ठेवले.

"चार दिवस," ते म्हणाले. "बक्षीस घ्या, आणि परत आणून सोडा. न्यायला मीच येईन नाहीतर."

"या की," मावशी म्हणाल्या.

"लुगडं तरी बदल," सासूबाई वैजूला म्हणाल्या. "आत चल, मी काडून देते."

वैजू उंबऱ्याकडे बघत राहिली. एक पाऊल उचललंसुद्धा तिनं, सवयीनं. मावशींनी तिच्या कोपराखाली हात घातला. "ऱ्हाऊ दे. गाडी जाईल."

चपला आत होत्या. तशीच अनवाणी ती गल्ली उतरली. उन्हानं फुफाटा तापलेला. मी माझ्या चपला पुढं केल्या तर म्हणाली, "नको, थांबायला लावू नकोस." आम्ही पळत नव्हतो. मावशी पळू देत नव्हत्या. पाठीमागं पावलं येतायत असं मला सारखं वाटत होतं, आणि मी मागं बघितलं नाही.

गाडी अर्ध्या तासानं आली. तो अर्धा तास आम्ही पिंपळाच्या पारावर तिघी एका रांगेत बसलो, वैजू मध्ये. गाडी सुटली, टेकडीला वळसा पडला, पांढरं घर दिसेनासं झालं, तेव्हा वैजूनं भाजलेले तळवे वर घेऊन बघितले. मी माझ्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या, या वेळी तिनं घातल्या.

"मावशी," मी म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून, "कोण हो ही फौजदारीणबाई?"

"असंल की एकादी. येवड्या पोरी शिकून गेल्या." त्यांनी पिशवीतली भाकरी काढली, तिचे तीन तुकडे केले. "न्हाई तर करू एकादीला."

वैजूनं तुकडा हातात धरला, खाल्ला नाही.

"मेळावा उद्या संपेल," ती म्हणाली. "मग मी कुठं जाऊ?"

काल दुपारपासून मी फक्त टपालवाल्याच्या आधी पोचायचा विचार केला होता. त्यापुढचा दिवस माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझ्या घरी वडील होते, धाकटी बहीण होती, आणि चार दिवसांनी लेंगा घातलेला एक मऊ आवाजाचा माणूस दारात येऊन उभा राहणार होता.

"माज्याकडं," मावशी म्हणाल्या. "खोली हाय माजी. एकटीच असती. भाकरी खा."

"ते येतील, मावशी."

"येतील की. येनारच." मावशींनी कांदा गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि निम्मा तिच्या भाकरीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून, घरातलं सामान सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "दाराला कडी धड न्हाई माज्या. उतरल्यावर आदी एक कुलूप घिऊ. चांगलं, पितळंचं."